तिसऱ्या बाकड्यामागचा डबा

६ फेब्रुवारी

चि. चिमे,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं. त्यातलं अर्धं पान तू शेजारणीच्या ब्लाउजच्या बाह्यांवर खर्च केलंस आणि तळ्याकाठची पायवाट खोदून फरशा बसवणार आहेत, हे शेवटी कोपऱ्यात कोंबलंस. अगं, बातमी ती होती! बाह्या नव्हे!

तिथे माझा डबा आहे. मागच्या खेपेला तुझ्याकडे राहायला आलो होतो तेव्हा लपवला. तू ज्याला दादाचा पोरखेळ म्हणतेस, तोच. शिक्का, शाईची गादी, वही, सगळं पिशवीत नीट गुंडाळून ठेवलंय. त्याच्या खुणा अजून कुणालाच दिलेल्या नाहीत, त्यामुळे दुसरा कुणी शोधून काढेल ही आशाही नाही. फावडं पडलं की संपलं. तेवढा काढून आण.

सोबत ट्रेसिंग पेपरवर नकाशा काढलाय. तो समोर ठेवूनच खुणा लिहितोय, म्हणजे चूक नको. गेटातून आत गेलीस की वाट फुटते. उजवीकडची धर, तळं डाव्या हाताला राहील. तिसऱ्या बाकड्याशी थांब. बाकड्यामागे बेचक्याचं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी चपटा दगड. दगड उचल, डबा घे, घरी जा. शेंबडं पोरही आणेल.

फोन मात्र करू नकोस. इथे फोन आला की सूनबाई स्पीकर लावून टेबलाच्या मधोमध ठेवते, आणि माझं कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागतं. शिवाय माझी कोरायची हत्यारं चिरंजीवांनी कपाटात घालून कुलूप लावलंय. म्हणे, बोट कापून घ्याल. म्हटलं, जन्मभर शिक्क्यांचं रबर कोरत आलो, बघ मोजून, बोटं सगळी जागेवर आहेत. पण ऐकतो कोण?

तुझ्या मशीनचा पट्टा सैल झाला होता. बदललास का?

दादा


१५ फेब्रुवारी

ती. दादा,

नमस्कार. गेले, बघितलं, डबा नाही. इथेच पत्र संपवणार होते, पण माझा राग एवढ्यात संपत नाही.

उजवीकडची वाट धरली. तिसरं बाकडं आलं. बाकड्यामागे बेचक्याचं झाड म्हणतोस! अरे, तिथे बेचकं नसलेलं झाड दाखव. आणि चपटे दगड तर कुणी पोत्याने ओतल्यासारखे पडलेत. एकेक उचलत गेले. एकाखाली मुंग्या, एकाखाली कुणाची तरी एकच चप्पल, एकाखाली पहिल्या मुंग्यांचे पाहुणे. माझे गुडघे काय चीज आहेत ते तुला ठाऊक आहे. खाली बसले की उठायला मुहूर्त लागतो.

तशी बसलेली असतानाच बागेचे वॉचमन शिट्टी फुंकत आले. "बाई, काय पुरताय?" म्हटलं, पुरत नाही, उकरतेय. "मग काय पुरलं होतं?" आता यांना काय सांगू? म्हटलं, माझा भाऊ रबराचे शिक्के करतो. त्याच्यासारखेच आणखी रिकामटेकडे आहेत. ते हाताने कोरलेला शिक्का डब्यात घालून झाडीत लपवतात आणि खुणा लिहून एकमेकांना देतात. ज्याला डबा सापडेल त्याने डब्यातला शिक्का आपल्या वहीत मारायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत मारायचा, आणि डबा होता तिथे ठेवून घरी जायचं. लेटरबॉक्सिंग म्हणतात त्याला. ते म्हणाले, "मग पत्र कुठाय?" म्हटलं, पत्र नसतं. "मग मिळतं काय?" म्हटलं, काही नाही. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती खरं तर तुझ्या वाट्याची होती. मला फुकट मिळाली.

आणि आता विषय निघालाच आहे तर ऐक. त्या खेळात प्रत्येकाचा आपला शिक्का असतो ना? तू डॉक्टरांचे केलेस, वकिलांचे केलेस, शाळांचे, सोसायट्यांचे, त्या पलीकडच्या न्हाव्याचाही केलास. सख्खी बहीण मात्र तुझ्याबरोबर हिंडताना प्रत्येक वहीत अंगठा उठवते. अंगठेबहाद्दर! मागितला की, "करू गं, करू." म्हातारी झाले मी त्या "करू"वर.

पट्टा गेल्या महिन्यातच बदलला. मशीन छान चालतंय.

चिमी


२४ फेब्रुवारी

चि. चिमे,

कप्पाळ माझं! एक डबा सांगितला आणायला, तर मुंग्यांची शिरगणती करून आलीस.

डबा तिथेच आहे. मी माझ्या हाताने ठेवलाय. ब्लाउज बेतताना तुझा सुतभर फरक होत नाही आणि तीन बाकडी मोजता येत नाहीत? परत जा. गेट, फाटा, उजवीकडची वाट, तळं डाव्या हाताला. नकाशा पुन्हा कोऱ्या कागदावर काढून बघितला, तसाच आला. म्हणजे चूक माझी नाही.

इथली तऱ्हा काय सांगू! परवा मला एका डॉक्टरकडे नेलं. धडधाकट माणसाला विचारतो, आज वार कोणता? म्हटलं, तुमच्या पाठीमागे कॅलेंडर आहे, वळून बघा. मग म्हणाला, घड्याळ काढून दाखवा. दिलं काढून. झकास काढलं, काटेसुद्धा टोकदार. तर त्याने ते चिरंजीवांना दाखवलं, चिरंजीवांनी सूनबाईला दाखवलं, आणि घरी येईपर्यंत कुणी तोंड उघडेना. चित्र आवडलं नाही तर तसं सांगावं माणसाने.

फरशांचं काम सुरू व्हायच्या आत जा. तो डबा गेला तर पुन्हा होणार नाही. हत्यारं कुलपात आहेत, म्हटलं ना तुला.

मशीनचा पट्टा बदलून घे गं. सैल पट्ट्यावर टाके सुटतात.

दादा


५ मार्च

ती. दादा,

पट्टा बदलला म्हणून लिहिलं होतं. मागच्याच पत्रात. शेवटच्या ओळीत. पत्र वाचतोस की नुसतं हुंगतोस?

दुसऱ्यांदा गेले. या वेळी फूटपट्टी आणि जुनी मोठी कात्री घेऊन गेले, उकरायला. तिसऱ्या बाकड्यामागची सगळी झाडं पालथी घातली. मग वाटलं, वाटेतलं एक बाकडं मोडकं आहे, ते दादाने मोजलं नसेल, म्हणून चौथ्यामागे गेले. तिथे चरात पाय गेला आणि गुडघ्यापर्यंत चिखल. शिट्टीवाल्या वॉचमननी हात देऊन वर काढलं. आता ते मला ओळखतात. लांबूनच विचारतात, "काय आजी, मिळालं का काही नाही?" इज्जतीचा पंचनामा झाला माझ्या.

घरी येऊन साडी धुतली आणि धुताना एक विचार आला तो लिहिते. रागावू नकोस. तू डबा खरंच लपवला होतास ना? की लपवायचा म्हणून मनात होतं आणि राहून गेलं? तसं असेल तर सरळ सांग. मी काही म्हणणार नाही. म्हणजे म्हणेन, पण थोडंच.

काम सुरू झालंय. गेटाजवळ रेतीचे ढीग पडलेत.

चिमी


१२ मार्च

ती. आत्यास,

सा. नमस्कार. तुझं पाच तारखेचं पत्र बाबांच्या टेबलावर उघडं होतं, मी वाचलं. चूक झाली, पण वाचलं ते बरं झालं असं वाटतंय.

आत्या, तू प्लीज त्या डब्यामागे हिंडू नकोस. तुला जी शंका आली तीच आम्हाला गेले काही महिने येतेय. बाबा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. दूध आणायला गेले आणि भलत्याच गल्लीतून आले. डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं तर बारा वर ठेवून एकच्या जागी अकरा, दोनच्या जागी दहा, असे आकडे उलटे फिरवले. आकडेही आरशात दिसतात तसे. आणि इतक्या आत्मविश्वासाने काढलं की मला बघवेना. डॉक्टर म्हणाले, ही लक्षणं बरी नाहीत.

महिनाअखेरीस पुन्हा तपासणी आहे. तीही अशीच झाली तर हत्यारं कुणाला तरी देऊन टाकायची असं आम्ही ठरवलंय. घरात धारदार वस्तू नकोत. आणि त्यांचं एकट्याने तुझ्याकडे येणंही बंद. गाडी बदलताना कुठे उतरले तर शोधायचं कुठे?

तू त्यांना "हो हो, सापडला" असं काहीतरी लिहून टाक ना. तेवढंच समाधान. डबा वगैरे काही नाहीये, आत्या. वाईट मलाही वाटतं.

तुझा,
बाळ्या


१९ मार्च

चि. बाळ्या,

आशीर्वाद देते, पण आधी कान पुढे कर.

तुझं पत्र वाचून मी तडक बागेत गेले. पुन्हा त्याच तिसऱ्या बाकड्यावर बसले आणि खरं सांगते, रडले. हे तुझ्या बाबांना कळता कामा नये. ज्याने मला हात धरून रस्ता ओलांडायला शिकवलं त्याला रस्ता सापडत नाही म्हणतोस. रडता रडता नाक पुसायला रुमाल काढला आणि नकाशा उडून तळ्यात. वॉचमननी पाण्यातला पालापाचोळा काढायच्या जाळीने तो बाहेर काढला. निथळून माझ्या हातात दिला. तशी भली माणसं असतात, शिट्टी सोडली तर.

घरी येऊन ओला कागद वाळायला खिडकीच्या काचेवर चिकटवला. चहा ठेवला. वळून बघते तर काय! माझ्या खिडकीतून बागेचं गेट दिसतं, मागे तळं दिसतं. तळ्याचं पोट डावीकडे सुटलंय. नकाशातलं उजवीकडे सुटलेलं होतं. मी आपली समजत होते की दादाने घाईत कसंतरी काढलंय. पण काचेवर कागद पालथा चिकटला होता, आणि पालथ्या कागदातलं तळं खिडकीतल्या तळ्यावर जाऊन बसलं. गेटावर गेट, फाट्यावर फाटा, काठावर काठ.

अरे, तुझा बाप जन्मभर शिक्के कोरतोय! शिक्का सुलटा उमटायचा तर रबरावर उलटा कोरावा लागतो. अक्षरं उलटी, आकडे उलटे, घड्याळवाल्याच्या शिक्क्यातलं घड्याळही उलटंच. लाखो वेळा हात तसाच फिरलाय. त्या हाताला तुम्ही म्हणता घड्याळ काढ! आणि मी दुसरी शहाणी. कापडाच्या उलट्या बाजूवर खुणा करण्यात माझं आयुष्य गेलं आणि मला कागद उलटून बघायचं सुचलं नाही. काखेत कळसा आणि तळ्याला वळसा.

चहा तसाच टाकून गेले. डावीकडची वाट. खोदणारे दुसऱ्या बाकड्यापर्यंत आले होते. मी ओरडले, थांबा! ते थांबेनात. मग वॉचमननी शिट्टी फुंकली तेव्हा थांबले. तिसरं बाकडं. मागे एकच बेचक्याचं झाड, बाकी सगळी सरळसोट. बुंध्याशी चपटा दगड. दगडाखाली पिशवीत गुंडाळलेला डबा.

डब्यात शाईची गादी, कोरी वही आणि डब्याचा शिक्का होता. गाल फुगवलेलं बदक. शिवाय कापडात बांधलेली एक पुरचुंडी. वर चिठ्ठी: "चिमीचा शिक्का. अंगठा पुरे झाला." मला देताना लाज वाटली असेल, म्हणून पुरून ठेवला आणि शोधायला लावला. आमच्या घराण्यात सरळ काही देत नाहीत.

खाली त्याचा ठसा उमटवते आहे. नीट बघ. उघडी कात्री आहे. माझ्या जिभेवर मारलेला टोमणा आहे, कळतंय मला. पण पात्याची धार बघ, स्क्रूची खाच बघ, खालची अक्षरं बघ. सगळं सुलटं, केसाइतकी चूक नाही. डोकं गेलेल्या माणसाला हे जमतं का? हा ठसा आणि एक आरसा घेऊन त्या डॉक्टरांकडे जा. तेच घड्याळ आरशासमोर धर. आणि कपाटाची किल्ली बापाच्या हातात दे, आजच्या आज. नाहीतर मी येते, आणि माझी कात्री नुसती रबराची नाही.

आत्या


३० मार्च

चि. चिमे,

किल्ली मिळाली. डॉक्टरांनी घड्याळ आरशासमोर धरलं आणि असे हसले, की टेबलावरचे कागद उडाले. मग स्वतःच्या नावाचा शिक्का करून द्याल का म्हणाले. म्हटलं, देईन, पण आधी वार विचारणं बंद करा. घरी आल्यावर चिरंजीवांनीच कुलूप काढलं. सूनबाईने शिरा केला. एकूण माझी मिरवणूकच निघाली.

कात्री आवडली ना? आवडली असं तू लिहिणार नाहीस, म्हणून विचारतो.

आता एक सांगतो ते तुझ्यापाशीच राहू दे. बाळ्याला कळवू नकोस.

घड्याळाचं तू म्हणालीस ते खरं आहे. हातात पेन्सिल आली की हात उलटा फिरतो, आणि मला ते कळत होतं. डॉक्टरची जरा गंमत करावी असंही वाटलं होतं. पण नकाशा, चिमे, मी सुलटा काढला होता. तुझ्यासाठी काढतोय, शिक्क्यासाठी नाही, असं स्वतःला बजावून काढला. दुसऱ्यांदाही काढून बघितला, तोही सुलटाच वाटला. बाळ्याने परवा तो दुसरा कागद काचेवर धरला तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. तोवर मी शपथेवर सांगितलं असतं की डबा उजव्या हाताला आहे. अजूनही डोळे मिटले की मी उजवीकडेच वळतो.

तेव्हा सवय कुठे संपते आणि दुसरं काही कुठे सुरू होतं, ते मला सांगता येत नाही. दूध आणायला गेलो होतो तेव्हा खरंच रस्ता चुकलो होतो. घरात सांगितलं, फिरून आलो. मला भीती वाटते गं. सगळे आता इतके खूश आहेत की कुणाला सांगायची सोय उरली नाही.

तुझ्याकडे यावंसं वाटतं. पण यावं की नाही, कळत नाही. तूच सांग.

आणि हो, मशीनचा पट्टा सैल झाला होता तुझ्या. बदलून घे.

दादा


७ एप्रिल

दादा,

यावं की नाही म्हणजे काय? विचारायचं असतं का हे? आता कात्री खरंच चालवीन.

ऐक. बाळ्या तुला इकडे सोडायला येणार आहे, मी त्याला तसं बजावलंय. तुझं गुपित सांगितलं नाही. एवढंच लिहिलं की आत्याला डबे उचलायला माणूस हवाय आणि भाड्याने मिळत नाही. हत्यारं घेऊन ये. खिडकीजवळच्या टेबलावर माझं कापड पसरलेलं असतं ते अर्धं आवरलंय. उजेड चांगला येतो तिथे. दूध मीच आणीन, नाहीतर दोघं मिळून जाऊ आणि दोघं मिळून चुकू. वॉचमन आणून सोडतील, त्यांना सवय झालीय.

भीती वाटते म्हणालास. मलाही वाटते. पत्र वाचून दिवसभर एक शिवण धड आली नाही, उसवत बसले. काय होईल ते मला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. पण तू उलटं काढलंस तर मी काचेवर धरून बघीन. मला येतं ते आता. तेवढ्यासाठी तू घाबरून तिकडे बसून राहायचं नाहीस.

डावीकडच्या वाटेवर फरशा बसल्या. बेचक्याचं झाड वाचलं, पण बुंध्याशी सिमेंट आलंय, तिथे आता काही ठेवता यायचं नाही. उजवीकडची वाट मात्र झाडं दाट आहेत म्हणून तशीच मातीची ठेवणार आहेत. म्हणून काल डबा घेऊन मी तिकडे गेले. उजवीकडची वाट, तळं डाव्या हाताला, तिसरं बाकडं, मागे बेचक्याचं झाड, बुंध्याशी चपटा दगड. मुंग्या होत्या, त्यांना सरकायला सांगितलं. आत बदक आहे, वही आहे, वहीत पहिल्या पानावर माझी कात्री उमटवलीय. तुझ्यासाठी दुसरं पान सोडलंय.

तेव्हा तुझा नकाशा बरोबर आहे. डबा तू सांगितलास तिथेच आहे. ये आणि काढ, माझे गुडघे आता जमिनीला टेकणार नाहीत.

चिमी

ता. क. मशीनचा पट्टा बदलला हं, दादा. छान चालतंय मशीन.